ठगाचा थग झाला, भामट्याचं काय?

लग्नाच्या पंगतीत आजीला कुणीतरी विचारतं, "आजी, अजून एक जिलेबी वाढू का?" आजी पानावरची नजरही न हलवता म्हणते, "विचारतोस काय, वाढ की." तेवढ्यात चित्र थबकतं, आजीच्या नाकावर कुठूनसा काळा गॉगल येऊन बसतो, मागे ढणढण संगीत सुरू होतं आणि खाली अक्षरं उमटतात: थग लाईफ. असल्या रीळ मराठी फोनांवर आता जुन्या झाल्या. थग म्हणजे काय, असं एखाद्या पोराला विचारा. "भारी", "डेरिंगबाज", "कुणाच्या बापाला न भिणारा" अशी उत्तरं येतील. हा आपलाच ठग आहे, साता समुद्रापार जाऊन परत आलेला, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. कारण परत येताना त्याचा ठ वाटेत कुठेतरी गळून पडला.

त्याचं कारण साधं आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांनी आपला ठ रोमन लिपीत टी आणि एच अशी दोन अक्षरं जोडून लिहिला. हिंदुस्थानात राहिलेल्याला त्यातला ठ ऐकू येई. लंडनमध्ये बसून वाचणाऱ्याने मात्र ती जोडी आपल्या भाषेतल्या सवयीने वाचली आणि ठगाचा थग झाला. पण उच्चार बदलला ही किरकोळ गोष्ट. अर्थाचं काय झालं, ते पाहण्यासारखं आहे.

संस्कृतात स्थग् म्हणजे झाकणं, लपवणं. स्थग म्हणजे लबाड माणूस, प्राकृतातून आलेला ठग तोच. मराठीत ठक, ठकवणं, ठकसेन, ठकास महाठक हे सगळं त्याच घराण्यातलं. यात कुठेही रक्त नाही. ठगाला अक्कल लागते, गोड जीभ लागते, समोरच्याचा विश्वास बसेपर्यंत थांबण्याचा धीर लागतो. इंग्रजीतल्या थगाला यातलं काही लागत नाही. तो दांडगट, आडमुठा, हाणामारी करणारा. आपल्याकडे जो डोक्याने लुटायचा, तो तिकडे मनगटाने लुटायला लागला. एका शब्दाचा स्वभाव असा उलटापालटा कसा झाला, याचं उत्तर शब्दकोशात मिळत नाही, त्यासाठी कायद्याची पुस्तकं उघडावी लागतात. आणि ती उघडली की गोष्ट सरळ सोलापुरात येऊन पोचते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. चौदाव्या शतकातला इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की जलालुद्दीन खिलजीच्या काळात, म्हणजे १२९० च्या सुमारास, दिल्लीत सुमारे हजार ठग पकडले गेले. त्यांच्यातल्याच एकाने बाकीच्यांना धरून दिलं. सुलतान मवाळ. त्याने कुणालाच मारलं नाही, सगळ्यांना नावांत घालून बंगालकडे लखनौतीच्या बाजूला नेऊन सोडायला सांगितलं. आपल्या वॉर्डातली भटकी कुत्री रात्री शेजारच्या वॉर्डात सोडून यावीत, तसा हा बंदोबस्त. हे ठग गळे आवळणारे होते, असं मात्र बरनी म्हणत नाही.

गळ्याभोवती रुमाल आला तो कंपनी सरकारच्या कागदांत. दक्षिणेत, मद्रासच्या बाजूला, अशा टोळ्यांना फांसीगर म्हणत. शेरवूड नावाच्या डॉक्टरने १८१६ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, त्यातही हाच शब्द आहे. ठग हा शब्द मध्य हिंदुस्थानातला. ठगांचा बंदोबस्त करून गाजलेला विल्यम स्लीमन हा अधिकारी नर्मदेकाठच्या नरसिंहपुराऐवजी मद्रासकडे नेमला गेला असता, तर आज अमेरिकेतला रॅपर स्वतःला फांसीगर म्हणवून घेत असता.

स्लीमन १८२२ मध्ये नरसिंहपूरचा मॅजिस्ट्रेट झाला. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं की आपल्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची टोळी राहते, याचा आपल्याला त्या काळात पत्ताच नव्हता. टोळ्यांची रीत सगळीकडे साधारण सारखी. वाटसरूंच्या तांड्यात सामील व्हायचं, दिवसचे दिवस एकत्र चालायचं, एकत्र खायचं. सगळं जमून आलं की म्होरक्या म्हणायचा, "तमाखू लाओ." ही झिरनी, म्हणजे इशारा. ती ऐकताच मागे उभ्या असलेल्यांचे रुमाल गळ्यांभोवती पडत. वाटसरूला ठगांच्या बोलीत बनिज म्हणत, म्हणजे माल. रजा घेऊन पगाराचे पैसे कमरेला बांधून गावी निघालेले शिपाई त्यांना फार आवडायचे. माळव्याच्या अफूच्या व्यापारासाठी रोकड नेणारी माणसंही तशीच. अमरावतीच्या धनराज शेठ नावाच्या सावकाराच्या रोकडीवर पडलेल्या हातांचे उल्लेख स्लीमनच्या कागदांत येतात.

हे सांगायचं कारण असं की ठगी हे सगळं इंग्रजांनी रचलेलं कुभांड होतं, असं म्हणणारे काही जण आहेत. मला ते पटत नाही. विहिरींतून आणि आमरायांतून उकरून काढलेली हाडं कुणी साहेबाने तिथे पुरली नव्हती. किम वॅग्नरसारखे अलीकडचे इतिहासकारही खून झाले हे मान्यच करतात. प्रश्न पुढचा आहे. हे लोक कोण होते? त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, संस्थानांच्या फौजा मोडल्यावर बेकार झालेले शिपाई होते, पावसाळ्यात शेत नांगरणारे आणि हिवाळ्यात वाटेला लागणारे कुळवाडी होते. या सगळ्यांचा मिळून देशभर पसरलेला, कालीमातेला बळी देणारा, बापाकडून मुलाकडे चालत आलेला एकच पंथ उभा केला तो स्लीमनच्या लेखणीने. आणि एकदा पंथ ठरला, की तो मोडायला वेगळा कायदा हवाच.

तो कायदा १८३६ चा तिसावा. जेमतेम काही ओळींचा, पण प्रत्येक ओळ वाचताना थांबावं अशी. कायदा होण्याआधी वा नंतर, कंपनीच्या मुलखात वा मुलखाबाहेर, कधीही ठगांच्या टोळीत असल्याचं ज्याच्यावर सिद्ध होईल, त्याला सक्तमजुरीसह जन्मठेप. त्याने कुणाला मारलं, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज नाही. ठग म्हणजे कोण, याची व्याख्या संबंध कायद्यात नाही. मग ठग ठरवायचा कुणी? माफीच्या साक्षीदाराने. स्वतःची मान वाचवायला ज्याला रोज नवी नावं सांगणं भाग आहे, त्याने बोट दाखवलं की तो ठग. शेकडो फासावर गेले, हजाराहून अधिक काळ्या पाण्यावर. बऱ्याच कैद्यांच्या कपाळावर ते ठग असल्याचं गोंदलं जाई, म्हणजे पळून गेला तरी जगाला आयुष्यभर वाचता यावं.

ठगाचा थग झाला तो इथे, असं मला वाटतं. करणी सिद्ध करायची नसेल तर माणूसच मुळात तसा आहे, असं म्हणावं लागतं. मराठीतला ठग हा त्याने काय केलं यावरून ठरतो. त्याने मला ठकवलं, म्हणून तो ठक. कायद्यातला ठग आधी ठग असतो, त्याने काय केलं ते मागाहून पाहायचं, किंवा पाहायचंच नाही. फसवणूक ही करणी आहे. ती वजा केल्यावर शब्दात उरते ती फक्त भीती. इंग्रजीने नेमकी तेवढीच उचलली.

बाकीचं काम कादंबरीने केलं. निजामाच्या चाकरीत असलेल्या मेडोज टेलरने १८३९ मध्ये एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी छापली आणि ती विलायतेत तुफान चालली. हाच टेलर पुढे नळदुर्गला अधिकारी होता. धाराशिवकडच्या लोकांना त्याचं नाव नळदुर्गच्या संदर्भात ठाऊक असतं, कादंबरीच्या संदर्भात फारसं नाही. मग शब्द अटलांटिक ओलांडून गेला. तिकडचा तपशील लांबवत नाही, एवढंच सांगतो. २०१४ मध्ये रिचर्ड शर्मन या काळ्या फुटबॉलपटूला सामन्यानंतर आवाज चढवून बोलल्याबद्दल सगळीकडून थग म्हटलं गेलं, तेव्हा तो म्हणाला की काळ्यांसाठीचा जो शिवीवजा शब्द आता उघड वापरता येत नाही, त्याच्याऐवजी हा चालतो. तो स्टॅनफर्डचा पदवीधर. पुढच्या वर्षी बाल्टिमोरच्या दंगलीत तिथल्या काळ्या महापौरबाई आणि ओबामा या दोघांनीही तो शब्द वापरला आणि त्यावरून वाद पेटला. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर रस्त्यावर उतरलेल्यांना उद्देशून ट्रम्पनी तो मोठ्या अक्षरांत लिहिला. याच्या बऱ्याच आधी टुपॅक शकूर या रॅपरने थग लाईफ ही अक्षरं आपल्या पोटावर गोंदवून घेतली होती. त्या काळच्या ठग कैद्याच्या कपाळावरचं गोंदण सरकारने केलेलं, याच्या पोटावरचं याने स्वतःच्या मर्जीने केलेलं. तुम्ही आम्हाला म्हणता ना, मग घ्या, आम्हीच मिरवतो. आजीच्या जिलेबीपर्यंत आलेला थग तो हा.

आता सोलापूर. ठगीच्या बंदोबस्तातून सरकारला एक युक्ती सापडली होती आणि ती वाया घालवायची नव्हती. १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. जशी सुताराच्या पोटी सुतारकी, विणकराच्या पोटी विणकाम, तशी काही जातींत गुन्हेगारी पिढीजात असणार, असा युक्तिवाद त्यामागे होता. जातिव्यवस्थेचं हे इतकं सोयीस्कर वाचन आपल्याकडच्या सनातन्यांनाही सुचलं नसतं. आता माफीच्या साक्षीदाराचीही गरज उरली नाही, जन्मदाखला पुरेसा झाला. १९११ पासून हा कायदा मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. ठाण्यात नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, पास असल्याशिवाय हद्द सोडायची नाही. सोलापुरात गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला पहारा हवा होता. दोन्हींची सोय एका तारेच्या कुंपणात झाली. सोलापूरकर त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात.

कुंपणात कोण घालायचे, हे ठरवायला याद्या लागतात. १९०८ मध्ये मुंबई इलाख्याचा पोलिस अधिकारी मायकेल केनेडी याने इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर जाडजूड टिपणं छापली. त्यात जातवार प्रकरणं आहेत, ही जमात कशी ओळखावी, हिच्या झडतीत काय सापडतं वगैरे. भामटे, बेरड, कैकाडी, पारधी, रामोशी, वडार, छप्परबंद. आता ही नावं जरा मोठ्याने वाचून पाहा. यातली काही तुम्ही आजच्या पेपरात वाचली आहेत.

"वृद्धेला गंडवून भामट्याने दागिने लांबवले." "नोकरीचं आमिष दाखवणारा भामटा गजाआड." आठवडा जात नाही असा मथळा नजरेस पडल्याशिवाय. भामटा आणि राजपूत भामटा ही महाराष्ट्र सरकारच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जातींच्या, यादीतली नावं आहेत. एकूण चौदा जाती, तीन टक्के आरक्षण. म्हणजे एखाद्या घरात मुलीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढून ठेवलेला असतो, त्यावर तहसील कचेरीच्या शिक्क्याखाली जो शब्द छापलेला असतो, तोच शब्द त्याच घरात आलेल्या पेपरात चोराला वापरलेला असतो. बेरडाचंही तेच. ज्या बेरड-रामोशी समाजात उमाजी नाईक जन्मले, ज्यांना इंग्रजांनी १८३२ मध्ये पुण्यात फाशी दिली, त्या समाजाचं नाव मराठी बोलण्यात कोडगा, निर्लज्ज या अर्थाने सर्रास येतं. "काय बेरड माणूस आहे!" हे वाक्य सुशिक्षित घरांतून मीही ऐकत मोठा झालो. उचल्या हे आपल्या जमातीचं नाव तर लक्ष्मण गायकवाडांनी आत्मकथनाच्या कपाळावरच लिहिलं, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आपण ते वाचून हळहळलो, आणि मोबाईल चोरणाऱ्याला उचल्या म्हणणं काही सोडलं नाही.

माझं म्हणणं इथे नीट मांडतो, कारण या ठिकाणी गैरसमज लवकर होतो. शब्दाचं मूळ वाईट म्हणून शब्द टाकून द्यावा, असं मी म्हणत नाही. मूळ शोधत बसलो तर निम्मी भाषा टाकावी लागेल. इंग्रज पोरं एकमेकांना थग म्हणोत, आपली पोरं आजीला म्हणोत, मला त्यात काही वावगं वाटत नाही. ठग नावाची जात आज कुठे नाही. त्या नावाचा दाखला घेऊन कुणी कॉलेजच्या रांगेत उभं नाही. शब्द मोकळा आहे, खुशाल वापरावा. भामटा मोकळा नाही. तो पाठीवर घेऊन चालणारी माणसं जिवंत आहेत. शब्द कुठून आला यापेक्षा तो आज कुणाला चिकटलाय, हे मला महत्त्वाचं वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की भामटा म्हणताना कुणाच्या मनात जात नसते. खरं आहे, नसते. पण मनात नसणं ही ज्याला लागत नाही त्याची बाजू झाली. चर्मकार समाजाचं किंवा महार समाजाचं नाव कुणी शिवीसारखं वापरलं तर मनात नव्हतं हे आपण ऐकून घेत नाही, अॅट्रॉसिटीचा कायदाही ऐकत नाही. विमुक्तांपैकी बहुतेकांना त्या कायद्याचं छत्र नाही, कारण ते अनुसूचित जातींतही नाहीत आणि जमातींतही नाहीत. यातही गंमत पाहा, कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि बाकी महाराष्ट्रात विमुक्त जातीत. म्हणजे एकच अपमान नागपुरात गुन्हा आणि पुण्यात विनोद.

दुसरा आक्षेप वृत्तपत्रांतले मित्र करतात. मथळ्यात जागा कमी, शब्द चटपटीत हवा. याला उत्तर मोजून देता येतं. भामटा तीन अक्षरी, चोरटा तीन अक्षरी, आणि ठग दोनच. लबाड, लुच्चा, लफंगा, ठकसेन, तोतया अशी मराठीची कोठी भरलेली आहे. खरी अडचण जागेची नसून सवयीची आहे. गुन्ह्याची बातमी बहुतेक वेळा ठाण्यातून आलेल्या टिपणावरून लिहिली जाते आणि ठाण्याची भाषा बातमीत जशीच्या तशी उतरते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्या वस्त्यांतले कार्यकर्तेच तो करतात. पालावर राहणाऱ्याला रेशनकार्ड नाही, पोराला शाळा नाही, जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा मागतात, जो फिरस्त्याकडे असणं शक्यच नाही, आणि तुम्ही शहरातले लोक शब्दांचा कीस काढता. हे ऐकून घ्यावंच लागतं. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यानंतर दादा इदाते आयोगाचा आला. शिफारशींची उणीव नाही. शब्द बदलल्याने यातलं एकही काम होणार नाही, हे मान्य. पण ही कामं अडतात ती जिथे, तिथे हाच शब्द बसलेला असतो. गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर का होते? तिथे पोचलेल्या हवालदाराने पुरावा पाहिलेला नसतो, नाव ऐकलेलं असतं. १८३६ चा कायदा दुसरं काय सांगत होता?

कागदोपत्री हे सगळं कधीच संपलं आहे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून तर विमुक्त हे नाव. त्याच्या जागी राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले, मुंबई राज्याचा १९५९ चा. त्यात जातीचं नाव नाही, एका माणसाच्या शिक्षांचा हिशेब आहे, हे न्यायाने सांगायला हवं. पण ठाण्याच्या आठवणीला कायद्याची मुदत लागू होत नाही. ठगाचंही असंच झालं. ठगी व दरोडे खातं १९०४ मध्ये मोडलं, तरी भारतीय दंड संहितेच्या ३१० आणि ३११ या कलमांत ठग बसून राहिला, व्याख्या आणि जन्मठेपेसकट. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता लागू झाली तेव्हा ती कलमं गळाली. त्यासाठी कुणी आंदोलन केलं नव्हतं, कुणाला आनंदही झाला नाही. ठग म्हणून आयुष्य काढणारं कुणी उरलंच नव्हतं.

त्यानंतर तीन महिन्यांनी, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकाराच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत कैद्यांना जातीवरून कामं वाटण्याची कलमं होती, विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणारी कलमं होती. न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आणि विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांनाही बजावलं. निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख, तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड मराठी, तरी या निकालाची मराठीत चर्चा झाली ती दोन दिवस. महाराष्ट्रातल्या किती तुरुंगांच्या नोंदवह्यांतून तो रकाना खरोखर गेला, आणि किती ठाण्यांच्या फळ्यावर अजून जातीवार याद्या आहेत, हे एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्नात विचारावं. उत्तर आलं की त्याची बातमी होईल. ती लिहिताना मथळ्यात चोरटा वापरावा लागणार नाही, भामटाही नाही.